दुर्बीण घ्यायची आहे? ८×४२ की १०×५०? आकड्यांचा अर्थ, जंगलाकाठच्या गावांसाठी योग्य माप आणि खरेदीतली फसगत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर, भद्रावती अशा तालुक्यांत जंगल आणि शेत यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त एक धुरा असतो. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात, तुरीत रोही घुसतात आणि त्यांच्या मागावर वाघ-बिबटही येतो. जागलीला जाणारा शेतकरी, गुरं चारणारा गुराखी, मोहफुलं आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्या बाया, सफारीवरचे गाईड या सगळ्यांना एक गोष्ट लागते. पुढे काय आहे ते जवळ न जाता कळलं पाहिजे. त्यासाठी अलीकडे गावागावांत दुर्बिणी दिसू लागल्या आहेत. पण बाजारात आणि मोबाईलवर दिसणाऱ्या दुर्बिणींवरचे आकडे समजत नाहीत आणि पैसे वाया जातात.

दुर्बीण निवडण्याचे बरेचसे आडाखे परदेशातल्या शिकाऱ्यांकडून आलेले आहेत. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. मात्र पहाटे आणि सांजवेळी, झाडोऱ्यात, हातात धरून, हलतं जनावर ओळखायचं ही शिकाऱ्याची गरज आणि शेतराखणीची गरज सारखीच आहे. म्हणून तेच आडाखे इथे आपल्या कामासाठी समजून घेऊ.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५०, ८×२५ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. ८ लिहिलं असेल तर ४०० मीटरवरचं जनावर ५० मीटरवर असल्यासारखं दिसतं. १० असेल तर तेच ४० मीटरवर असल्यासारखं दिसतं. म्हणजे ८ आणि १० मधला फरक ऐकायला मोठा वाटला तरी डोळ्याला तो बेताचाच जाणवतो.

दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ म्हणजे भिंग ४२ मिमी रुंद, साधारण सव्वाचार सेंटीमीटर. भिंग जितकं मोठं तितका उजेड जास्त आत येतो. ४२ मिमीचं भिंग २५ मिमीच्या भिंगापेक्षा जवळपास पावणेतीन पट उजेड गोळा करतं. पण भिंग मोठं झालं की वजनही वाढतं.

उजेडाचं गणित: एकच भागाकार

दुसऱ्या आकड्याला पहिल्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत दुर्बिणीतून डोळ्यात येतो.

- ८×२५ : ३.१ मिमी
- १०×२५ : २.५ मिमी
- ८×४२ : ५.२ मिमी
- १०×४२ : ४.२ मिमी
- १०×५० : ५ मिमी
- १२×५० : ४.२ मिमी
- २०×५० : २.५ मिमी
- ७×५० : ७.१ मिमी
- ८×५६ : ७ मिमी

आता आपल्या डोळ्याकडे बघा. भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिमी होते. अंधार पडू लागला की ती मोठी होते. तरुण माणसाची सात मिमीपर्यंत जाते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते.

म्हणून दुपारी १०×२५ची खिशातली दुर्बीण ठीक वाटते. पण सूर्य मावळल्यावर तीच दुर्बीण काळपट दिसते, कारण डोळा पाच-सहा मिमी उघडलेला आणि दुर्बीण देते फक्त अडीच मिमी. वाघ, बिबट, रानडुक्कर बाहेर पडतात तेव्हा नेमका हाच उजेड असतो. गरज असते त्याच वेळी छोटी दुर्बीण कमी पडते.

जर्मनीत उंच मचाणावर बसून शेवटच्या उजेडात शिकार करण्याची पद्धत आहे, म्हणून तिथे ८×५६ सारखी जड दुर्बीण चालते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगराळ भागात खूप लांबचं बघायचं असतं, तिथे १०×४२ लोकप्रिय आहे आणि बसून तिपाईवर लावायला १५×५६ वापरतात. त्याच देशातल्या दाट जंगलात ८×४२ पसंत केली जाते. म्हणजे माप ठरतं ते जागेवरून आणि वेळेवरून.

जास्त पट म्हणजे चांगली, हा गैरसमज

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात लांबचं दाखवणारी कोणती?" इथेच फसगत सुरू होते. जास्त पटीचे चार तोटे आहेत.

१. हात हलतो. दुर्बीण जनावराला जशी दहा पट मोठी करते तशी हाताची थरथरही दहा पट मोठी करते. बहुतेक माणसांना हातात धरून ८ ते १० पटीपर्यंत स्थिर दिसतं. १२च्या पुढे टेकण लागतं, १५-२० पटीला तिपाई लागतेच.

२. दिसण्याचा घेर कमी होतो. साधारण ८×४२ मधून १०० मीटरवर १३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून ११ मीटरच्या आसपास. झुडपातून पळणारं डुक्कर शोधताना हे दोन मीटर कामाला येतात. २० पटीत तर जनावर सापडेपर्यंत ते निघून जातं.

३. उजेड घटतो. वरचा भागाकार बघा. भिंग ५० मिमीच राहिलं आणि पट १० वरून २० झाली की झोत ५ वरून अडीचवर येतो.

४. उन्हाळ्यात हवा लहरते. एप्रिल-मे मध्ये दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलते. दुर्बीण ती लहरही मोठी करते. अशा वेळी २० पटीतून दिसणारं चित्र ८ पटीपेक्षाही वाईट असतं, मग दुर्बीण कितीही महाग असो.

कोणत्या कामाला कोणतं माप?

जागल आणि शेतराखण (मचाणावरून): ८×४२ किंवा १०×५०. मचाणाच्या कठड्यावर कोपर टेकता येतं, म्हणून १०×५०चं वजन आणि थरथर दोन्ही सोसतात. उघडी शेती आणि लांबची कड असेल तर १०×५०, झाडोरा जवळ असेल तर ८×४२.

गुराखी आणि शेळ्या चारणारे: ८×४२, आणि फार चालायचं असेल तर ८×३२. ८×४२चं वजन साधारण ६०० ते ७५० ग्रॅम असतं, १०×५०चं बऱ्याचदा ८०० ग्रॅमच्या वर. दिवसभर गळ्यात बाळगायची वस्तू आहे हे विसरू नका. जड दुर्बीण दोन दिवसांनी घरीच राहते.

मोहफुलं, तेंदूपाने, सरपण: गटात एक ८×३२ किंवा ८×४२ पुरे. पण ती एकाच्या हातात असावी आणि त्याने त्या वेळी फक्त राखण करावी. वाकून काम करणाऱ्याच्या गळ्यात दुर्बीण असून उपयोग नाही.

सफारी गाईड आणि पक्षी बघणारे: ८×४२. घेर मोठा, उजेड पुरेसा, चालत्या गाडीतून उतरल्या-उतरल्या लगेच जनावर सापडतं. तलावावरचे लांबचे बदक-करकोचे बघायचे असतील तर १०×४२.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसणारे: चांदण्यात ७×५० किंवा ८×५६ सर्वात उजळ दिसते. पण वर्षातून एका रात्रीसाठी वेगळी दुर्बीण घेण्यापेक्षा ८×४२ मध्येच भागवलेलं बरं.

एकच दुर्बीण घ्यायची आणि घरातल्या सगळ्यांनी वापरायची असेल तर डोळे झाकून ८×४२ घ्या. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या डोळ्याला तिचा पाच मिमीचा झोत पुरेपूर जुळतो.

बाजारातली फसवणूक कशी ओळखायची?

बाजारात, मेळ्यात आणि मोबाईलवरच्या जाहिरातीत "३०×६०", "१००×१८०" असे आकडे छापलेल्या दुर्बिणी हजार-दीड हजारात मिळतात. घडी करून खिशात जाणाऱ्या दुर्बिणीवर ६० लिहिलं असेल तर शाळेतली पट्टी काढा आणि पुढचं भिंग मोजा. ६० मिमी म्हणजे सहा सेंटीमीटर. भिंग अडीच सेंटीमीटरच भरलं तर आकडा खोटा आहे. दुसरा आकडा खोटा असेल तर पहिल्यावरही विश्वास ठेवू नका.

आणखी काही खुणा :

- लाल-नारिंगी चमकणारी भिंगं. दिसायला भारी वाटतात, पण हा मुलामा कामाचा उजेड परत फेकतो आणि रंग बदलतो. चांगल्या भिंगावर फिकट हिरवी किंवा जांभळी झाक दिसते.
- "डे-नाईट व्हिजन" असं लिहिलेली साधी दुर्बीण. साध्या दुर्बिणीला रात्रीचं दिसत नाही. ती फक्त आहे तो उजेड गोळा करते. अमावास्येच्या अंधारात तिचा उपयोग शून्य. अंधारात दाखवणारी यंत्रं वेगळी आणि खूप महाग असतात.
- झूम दुर्बीण, म्हणजे १०-३०×५० अशी. एकाच दुर्बिणीत सगळं मिळेल असं वाटतं. पण स्वस्त झूममध्ये घेर अरुंद, उजेड कमी आणि दोन नळ्यांचं चित्र जुळत नाही.
- फोकसचं चाकच नसलेली दुर्बीण. जवळचं धूसर दिसतं आणि डोळे दुखतात.

दुकानात पाच मिनिटांत करायची तपासणी

१. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा (सूर्याकडे नाही). मागच्या भिंगात दोन उजळ गोल दिसतील. ते पूर्ण गोल असावेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतला काचेचा लोलक हलक्या प्रतीचा आहे. चांगल्या दुर्बिणीवर "बीएके-४" लिहिलेलं असतं, हलक्या प्रतीत "बीके-७" असतं.

२. लांबच्या विजेच्या खांबाकडे बघा. खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले, किंवा एक दिसायला डोळे ताणावे लागले, तर नळ्या एका रेषेत नाहीत. अशा दुर्बिणीने डोकं दुखतं. ती घेऊ नका.

३. चित्राच्या मधोमध आणि कडेला फरक बघा. कडेला थोडं धूसर चालतं. निम्मं चित्र धूसर असेल तर नाही.

४. कानाजवळ हळू हलवा. आत काही खडखडलं तर बाजूला ठेवा.

५. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. डोळा आणि भिंग यांत किती अंतर चालतं हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. चष्मेवाल्यांना ते किमान १५ मिमी हवं, नाहीतर चित्राचा मधला भागच दिसतो.

याशिवाय भिंगांवर "फुली मल्टी-कोटेड" असं लिहिलेलं असेल तर चांगलं. नुसतं "कोटेड" म्हणजे हलकी प्रत. आपल्याकडचा पावसाळा बघता पाणी न शिरणारी, आत नायट्रोजन वायू भरलेली दुर्बीण मिळाली तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. तिच्यात आतून वाफ धरत नाही.

ऑनलाईन घेतली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत एका सांजवेळी शेतावर नेऊन बघा. दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात.

डोळ्याला कशी जुळवायची?

नवी दुर्बीण "धूसर आहे" म्हणून पडून राहते, त्यात बरेचदा दोष जुळवणीचा असतो.

- आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एकच गोल करा.
- चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी वाटी आत दाबा किंवा फिरवून खाली करा. चष्मा नसेल तर वर करा.
- उजवा डोळा मिटा. डाव्या डोळ्याने लांबची एक वस्तू, उदाहरणार्थ खांबावरची चिनीमातीची चिमणी, मधल्या चाकाने स्पष्ट करा.
- आता डावा डोळा मिटा. मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच वस्तू स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते.
- कडीवरची ती खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं.

घरात तिघं-चौघं वापरत असतील तर प्रत्येकाची खूण वेगळी असेल.

बघायचं कसं?

दुर्बीण आधी डोळ्याला लावून मग जनावर शोधू नका. आधी उघड्या डोळ्यांनी जागा हेरा, नजर तिथेच ठेवा आणि दुर्बीण उचलून नजरेच्या रेषेत आणा.

काही दिसत नसेल तर रान पट्ट्यापट्ट्याने बघा. एका जागी चार-पाच श्वास थांबा, मग पुढे. भराभर फिरवलं तर वाघ समोर असूनही दिसत नाही. अख्खं जनावर शोधायचं नाही. हलणारा कान, शेपटीचं टोक, उभ्या खोडांमध्ये दिसणारी आडवी पाठ असा तुकडा शोधायचा. चितळ किंवा वानर ओरडू लागले तर ते ज्या दिशेला तोंड करून ओरडत आहेत तिकडे दुर्बीण वळवा.

स्थिरतेसाठी कोपर छातीला चिकटवा. बसलात तर कोपर गुडघ्यावर टेका. पाठ झाडाला लावा. गुराख्याची काठीही उत्तम टेकण आहे.

दुर्बिणीची मर्यादा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दुर्बीण मोकळ्या जागेवरचं दाखवते, दाट झुडपाच्या, उंच गवताच्या किंवा उभ्या पिकाच्या आतलं दाखवत नाही. "दुर्बिणीतून काही दिसलं नाही" याचा अर्थ "तिथे काही नाही" असा होत नाही. एकट्याने न जाणं, बोलत-आवाज करत जाणं, पहाटे आणि अंधारात रान टाळणं ही काळजी दुर्बीण असली तरी घ्यायचीच.

वाघ-बिबट दिसलाच तर दुर्बिणीत तो जवळ दिसतो, त्यामुळे खरं अंतर चुकतं. दुर्बीण खाली करून उघड्या डोळ्यांनी अंतर बघा आणि सावकाश मागे या. गर्दी जमवू नका. वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. जागेचा पत्ता आणि फोटो व्हॉट्सॲप गटांवर टाकू नका. त्याने गर्दी होते, आणि चोरटी शिकार करणाऱ्यांना ठिकाण आयतं मिळतं.

कुंपणात विजेचा प्रवाह सोडणं हा गुन्हा आहे. त्या तारेने वाघ मरतो तसा शेजारचा शेतकरीही मरतो. लांबून डुकरं हेरून वेळेत हाकारा करायला दुर्बीण उपयोगी पडते, आणि तिच्याने कोणाचा जीव जात नाही.

दुर्बीण टिकवायची कशी?

- भिंग गमछाने किंवा शर्टाने पुसू नका. धुळीचे कण मुलामा खरवडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मग चष्म्याच्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा.
- पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. चामडी पेटीत बंद ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून हवा द्या.
- जुनी दुर्बीण विकत घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे.
- उन्हात, गाडीच्या काचेखाली ठेवू नका.
- पट्टा नेहमी गळ्यात घाला. एकदा पडली की नळ्यांची रेषा चुकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीला परवाना लागतो का?
साधी दुर्बीण बाळगायला परवाना लागत नाही. मात्र ती आहे म्हणून अभयारण्यात किंवा राखीव क्षेत्रात विनापरवाना फिरता येत नाही.

किती पैसे ठेवावेत?
ढोबळमानाने चांगल्या कंपनीची साधी ८×४२ पाच-सात हजारांच्या पुढे सुरू होते. एकट्याला परवडत नसेल तर बचत गटाने किंवा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक चांगली घ्यावी. पाच जणांनी पाच खोट्या दुर्बिणी घेण्यापेक्षा ते बरं.

मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालणार नाही का?
भर उजेडात थोडंफार. सांजवेळी चित्र दाणेदार होतं आणि झाडोऱ्यातलं जनावर ओळखू येत नाही.

मुलांना द्यावी का?
जरूर द्या, पण एक ताकीद देऊन. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

लक्षात ठेवायचं थोडक्यात

पट ८ किंवा १०, त्यापुढे नाही. भागाकार ४च्या वर, सांजवेळेसाठी ५च्या आसपास. भिंग पट्टीने मोजून घ्या. खांब एकच दिसतो का बघा. आणि पैसे देण्याआधी शक्य असेल तर दिवस मावळताना एकदा डोळ्याला लावून बघा.